16 फुटी होडीसाठी टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक?

खाडीकाठ
आमची 16 फुटी फायबरची होडी आंजर्ल्याच्या खाडीत असते. आजवर वल्ह्यावरच भागवलं, पण बाबांचा खांदा आता साथ देत नाही, म्हणून मागच्या फळीला लावायचं 10 एचपीच्या आसपासचं मशीन (आउटबोर्ड इंजिन) घ्यायचं ठरवलंय. आठवड्यातून दोनदा गरी टाकायला जातो. माणसं दोन, फार तर तीन. बहुतेक वेळ खाडीतच, समुद्र शांत असला तर मुखाच्या जरा बाहेर.
अडचण अशी की होडीवर मशीन ठेवून घरी येता येत नाही. दर वेळी काढून न्यावं लागणार, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडी ते रस्ता सगळा गुडघाभर चिखल. उचलणारा मी एकटा. दुकानदार म्हणतो फोर-स्ट्रोक घ्या, वाडीतले सगळे म्हणतात टू-स्ट्रोक. ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

दर्यावर्दी_७२
टू-स्ट्रोक, डोळे मिटून. तोहात्सू कंपनीचं 9.8 एचपीचं घेतलंत तर टू-स्ट्रोक साधारण 26 किलो, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक 37 किलो. चिखलात 11 किलो म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग बेल्ट नाही, प्लग आणि कार्बोरेटर साफ करता आला की निम्मी दुरुस्ती घरी होते.

माडबन
मी आधी आठ वर्षं टू-स्ट्रोक आणि आता पाच वर्षं फोर-स्ट्रोक चालवतोय, जैतापूरच्या खाडीत. वरच्या दादांचं वजनाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण तुम्ही गरीला जाणार, म्हणजे तासन्तास मशीन मंद चालणार, आणि टू-स्ट्रोकला नेमकं तेच मानवत नाही. हळू चालवलं की पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल पूर्ण जळत नाही, प्लग काळा आणि ओला होतो. मी खिशात नेहमी दोन प्लग आणि पाना ठेवायचो. संध्याकाळी वारा सुटलाय, होडी खडकाकडे सरकतेय आणि आपण गुडघ्यावर बसून प्लग पुसतोय, हे मी दोनदा अनुभवलंय. फोर-स्ट्रोक मंद गतीत इतकं शांत चालतं की पुढे नाळेवर बसलेल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं.

पेट्रोलचाही फरक आहे. साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना त्यातलं काही न जळताच धुराबरोबर बाहेर जातं. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसतो तो त्याचाच. ज्या खाडीत आपण मासे धरतो, तिथे तो बघवत नाही. माझ्या एका फेरीला पूर्वी सहा-सात लिटर लागायचं, आता साडेचारात भागतं.

फोर-स्ट्रोकची एक खोड मात्र लक्षात ठेवा. काढल्यावर आडवं ठेवायचं तर पुस्तकात दाखवलेल्या बाजूवरच. मी एकदा टेम्पोत उलट्या कुशीवर ठेवलं, तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरलं. दुसऱ्या दिवशी दोरी ओढवेना. प्लग काढून ऑइल बाहेर काढावं लागलं, मग तासभर पांढरा धूर. ऑइल बदलणंही चुकवायचं नाही. पहिल्यांदा 20 तासांनी, मग दर 100 तासांनी.

आता तुमच्या खांद्याचं. 9.8 चाच हट्ट का? 6 एचपीचं एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक बघा. तेही 26 किलोच्या आसपास येतं, म्हणजे त्या टू-स्ट्रोकइतकंच. तीन माणसं आणि सामान घेऊन तुमची होडी 9.8 वरही पाण्यावर उचलून पळेल असं धरू नका. पाणी कापतच जायचं असेल तर 6 आणि 9.8 च्या वेगात थोडाच फरक पडतो.

दर्यावर्दी_७२
6 एचपीचं मला सुचलं नव्हतं. खाडीच्या आत ठीकच. पण मुखाबाहेरून परत येताना सुकतीचं पाणी समोरून येतं, त्यात वरून वारा असला की मुखावर लाट उभी राहते. तिथे हातात जास्तीची ताकद हवीच. उधाणाच्या सुकतीला 6 वर आत येण्याचा सल्ला मी तरी कोणाला देणार नाही.

माडबन
मान्य. बाहेर जायचं तर भरतीची वेळ धरूनच परतायचं, मशीन कोणतंही असो. आणि वल्ही होडीतच राहू द्या.

शेवाळ
मी मशीन दुरुस्त करतो, म्हणून दोन गोष्टी. टू-स्ट्रोक घेतलंत तर मोटरसायकलचं टू-टी ऑइल घालू नका. डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं बोटीचंच घ्या. 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल म्हणजे लिटरला 20 मिली, 10 लिटरच्या टाकीला 200. अंदाजाने ओतणाऱ्यांची पिस्टन जाम झालेली मशीन माझ्याकडे दर वर्षी येतात.
दुसरी गोष्ट दोन्ही मशीनना लागू. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बघा, खाली वेगळा थर बसलेला दिसतो. नळीतून पहिल्यांदा तोच कार्बोरेटरमध्ये जातो. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, आणि मे अखेरीस मशीन बंद ठेवताना नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा, पण पाण्याच्या पिंपात उभं करूनच. नाहीतर मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबर जळेल. दर फेरीनंतर गोड्या पाण्यात दहा मिनिटं, हे तर हवंच.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगायचं तर बाहेर आम्ही वर्षातून चार-पाच वेळाच जातो, बाकी सगळं आतच. बाबांना वाचून दाखवलं, तर शांत मशीन म्हटल्यावर त्यांनी लगेच मान हलवली. त्यांना गरी टाकताना आवाज नको असतो. पलीकडच्या काठावर एका ओळखीच्यांकडे 6 एचपीचं फोर-स्ट्रोक आहे. येत्या अमावास्येला सुकतीच्या ऐन ओढीत ते आमच्या होडीला लावून खाडीतच उलट्या पाण्यात नेऊन बघणार आहे, तिघं बसून. तिथे अडखळलं तर 9.8 चं टू-स्ट्रोक.

शेवाळ
उत्तम. त्याआधी मागच्या फळीची उंची मोजा. 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याचं मशीन, 20 असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या इंचभर खाली यायला हवी. त्यांचं मशीन त्यात बसलं नाही, तर त्या चाचणीवरून काहीच ठरवू नका. आणि माणूस पडला तर मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधूनच मशीन चालू करा.

खाडीकाठ
मोजली. साडेपंधरा.