महीच्या मुखाशी कालवांचे खडक: मंडळाने पैसे द्यावेत का?

सयाजीगंजकर: परवा बडोद्याच्या आपल्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत तरुण मंडळींनी प्रस्ताव ठेवला तो असा: जंबुसर तालुक्यात, कावी-कंबोईच्या बाजूला, गावकऱ्यांना सोबत घेऊन मही नदीच्या खाडीत कालवांचे, म्हणजे ऑयस्टर या शिंपल्यांचे, खडक उभे करायचे आणि गणेशोत्सवाची शिल्लक वर्गणी त्याला द्यायची. दाखला न्यूयॉर्कचा. तिथे 2014 पासून हॉटेलांतले टाकाऊ शिंपले गोळा करून वर्षभर उन्हात ठेवतात, मग टाक्यांत त्यांवर कालवांची पिल्लं बसवून बंदरात सोडतात. शाळकरी पोरंसुद्धा राबतात. 2035 पर्यंत शंभर कोटी कालवं हे लक्ष्य. मोठं कालव चांगल्या पाण्यात दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळतं म्हणे.

माझं मत, द्यावेत. बडोद्याला समुद्र नाही म्हणून आपण हात झटकतो, पण आपल्या कारखान्यांचं सांडपाणी सुमारे 56 किलोमीटरच्या वाहिनीतून त्याच खाडीत पडतं ना?

भाट्येची माहेरवाशीण: भाऊ, हेतू चांगला, जागा चुकली. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात हिंडतं आणि मग कुठल्यातरी टणक गोष्टीला चिकटतं ते कायमचं. आमच्याकडे कोकणात ओहोटीला बायका कालवं काढतात तेव्हा वरचं झाकण उचकटून मांस काढून घेतात, खालची शिंपली खडकालाच राहते. पुढची पिढी त्या शिंपलीवर बसते. असे थरावर थर चढले की खडक वाढतो. आता कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराच्या देवळाशी पाणी ओसरल्यावर उभे राहून बघा. चिखल, चिखल आणि चिखल. साडी घोट्याच्या वर धरूनही किनार मातीची होते. खंभातच्या आखातात भावनगरकडे उधाणाला पाणी 10 मीटरच्या वर चढतं-उतरतं, ते सगळा गाळ ढवळून काढतं. तुमचे शिंपले तिथे गाडले जाणार.

दांडियाबाजार: वहिनींशी सहमत, आणि एक भर. न्यूयॉर्कने कालवं नंतर आणली. अमेरिकेत पाणी स्वच्छ करण्याचा कडक कायदा 1972 चा, सांडपाणी-शुद्धीकरणावर मुबलक पैसा ओतला, बंदराचं पाणी सुधारलं, मग चाळीसेक वर्षांनी हा उपक्रम. एवढं करूनही तिथली कालवं खायला बंदीच आहे, कारण कालव घाण गाळतं म्हणजे ती नाहीशी करत नाही. जड धातू त्याच्या अंगात साठतात. महीच्या मुखाशी उद्या कालवं धरली आणि कोणी ती बाजारात नेली, तर जबाबदार कोण? मंडळ?

मांडवी_२४: म्हणजे पाणी शुद्ध होईपर्यंत कोणी काही करायचं नाही. छान! ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री घरात शिरली तेव्हा कुठे नदी दिसली आपल्याला. एरवी मगरी बघायला पुलावर गर्दी, बस्स. न्यूयॉर्कची पोरं कालवं मोजायच्या निमित्ताने बंदराचं पाणी बघायला शिकली, हा फायदा तुम्ही हिशेबात धरतच नाही. जगभरातले 85 टक्के कालव-खडक गेले असा अंदाज आहे. कोणीतरी सुरुवात करायला नको?

निवृत्त केमिकलवाला: वाहिनीत पाणी सोडण्याआधी प्रक्रिया बंधनकारक आहे. उगाच कारखान्यांना झोडू नका.

दांडियाबाजार: काका, मग तर कालवं हवीतच कशाला? आणि प्रक्रिया नीट होत नसेल तर ती जगतील कशी? दोन्हीकडून प्रस्ताव कोलमडतो.

सयाजीगंजकर: गाळाचा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता. पण दगड किंवा सिमेंटचे ठोकळे उंचावर मांडले तर? चार ठोकळे टाकून बघायला काय जातं?

भाट्येची माहेरवाशीण: पावसाळ्यात कालवंच जातात! महीला पूर आला की मुखाशी पाणी गोडं. कालव दारं मिटून काही दिवस काढतं, पण ते फार लांबलं तर मरतं. मला कालवं नकोत असं नाही हो, कालवाचं सुकं समोर आलं तर मीच आधी बसेन. पण चिखलात जे मुळात उगवतं ते लावा ना. चेर, म्हणजे आपली तिवरं, खारफुटी. जंबुसरकडच्या गावांनी तो लावलेला आहे, गाळ त्याला बाधत नाही, उलट तो गाळ धरून ठेवतो, आणि कोळंबी-मासळीची पिल्लं त्याच्या मुळांत वाढतात.

मांडवी_२४: चेर लावून फोटो काढायला सगळे जातात, ताई. रोप जगलं की नाही बघायला दुसऱ्या वर्षी कोण जातं?

भाट्येची माहेरवाशीण: म्हणून तर पैसे रोपांना देऊ नका, राखणाऱ्या गावकऱ्याला द्या. तीन वर्षं, दरमहा. आणि तुमची ती पोरं वाहिनीच्या तोंडाशी पाण्याचे नमुने घेणार असतील तर माझे पाचशे वेगळे.

निवृत्त केमिकलवाला: नमुने कसे घ्यायचे ते मी शिकवतो. बाटली कशीही बुडवायची नसते.

दांडियाबाजार: काका आले की पैशांना माझीही हरकत नाही. कालवांचं कलम तेवढं ठरावातून काढा.

मांडवी_२४: ते मी काढू देणार नाही. बैठकीत मत घ्या.