मदत हवी आहे: सेंट मार्गरेट्स बे, पेगीज कोव्हनंतर कुठे थांबावं?

मेच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून सेंट मार्गरेट्स बेच्या किनाऱ्यावर न्यायचंय. गाडी आहे, दिवस एकच. पेगीज कोव्ह हे दीपस्तंभाचं गाव ठरलेलंच. आईचे गुडघे दुखतात, पण दीपस्तंभाजवळ 2021 मध्ये व्हीलचेअर जाईल असा सज्जा झालाय, त्यामुळे तिथली काळजी नाही. काळ्या, ओल्या खडकांवर कोणालाच जाऊ देणार नाहीये, तेव्हा ते सल्ले नकोत.

अडलंय पुढे. बाबा हर्णैचे. त्यांना दुकानं नकोत, धक्का हवा. बोट लागताना, शेवंडीचे (लॉबस्टरचे) पिंजरे उतरवताना बघायचंय. इथला शेवंडीचा हंगाम 31 मेला संपतो, म्हणून तारीख पुढे ढकलता येत नाही. इंडियन हार्बर, सीब्राइट, हबर्ड्स ही गावं नकाशावर बघून ठेवलीत, पण कुठला धक्का खासगी ते कळत नाही. सहलीच्या बसची चौकशी केली, ती पेगीज कोव्हवरूनच मागे फिरते. एका माहिती केंद्राला मेल केली, तर हॉटेलांची यादी आली! (आई शाकाहारी, डबा घरूनच नेणार.)

तर यातल्या कुठल्या धक्क्यावर बाहेरच्यांना उभं राहू देतात, बोटी साधारण किती वाजता परततात आणि फार न चालता स्वच्छतागृह कुठे मिळेल?