मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशननंतर मुलाचं वजन थांबतच नाहीये. नाशिकमधलं कुणी यातून गेलंय का?

इंदिरानगरची आई

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. मागच्या वर्षी त्याला क्रॅनिओफॅरिंजिओमा निघाला. गाठ कॅन्सरची नव्हती, पण जागा फार वाईट होती, पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या हार्मोनच्या ग्रंथीच्या) वर, हायपोथॅलॅमसला (भूक-तहान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला) चिकटलेली. मुंबईला ऑपरेशन झालं, जी काढता आली नाही तिच्यासाठी रेडिएशन झालं. नजर वाचली, देवाची कृपा. आता हायड्रोकॉर्टिसोन (हेच ते स्टेरॉइड), थायरॉइडची गोळी आणि लघवी आवरायला डेस्मोप्रेसिन चालू आहे.

ऑपरेशनच्या आधी तो २७ किलोचा होता, आज ४३ आहे. उंची मात्र वर्षभरात जेमतेम दोन सेंटीमीटर वाढली.

त्याची भूक काय आहे हे सांगून कुणाला पटत नाही. पोळी-भाजी, वरण-भात पोटभर जेवून उठतो आणि हात धुता धुता विचारतो, "आई, आता काय आहे?" परवा रात्री स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून गेले, तर ओट्याखाली बसून डब्यातले कच्चे पोहे मुठीमुठीने खात होता. रडत होता आणि खात होता. म्हणाला, "मला कळतंय गं आई, पण थांबता येत नाही."

घरात सगळे म्हणतात त्याच्या तोंडाला लगाम नाही. शाळेत पीटीच्या तासाला त्याला एकट्याला जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या. आता एका नातेवाइकांनी सांगितलंय की तो स्टेरॉइडनेच फुगलाय, ती गोळी हळूहळू कमी करून बंद करा. मन धजावत नाही, म्हणून इथे विचारतेय. गोळी कमी करू का? आणि या भुकेचं करायचं काय?

सातपूरचे काका

मुलांचं वजन आईवडिलांच्या हातात असतं, ताई. भात, बटाटा, बिस्किटं बंद करा, पहाटे ट्रॅकवर न्या. आमच्या पुतण्याचं तीन महिन्यांत आटोक्यात आलं. लाड कमी करा, एवढंच.

वॉर्डातली सिस्टर

ताई, आधी एकच ऐका. हायड्रोकॉर्टिसोन स्वतःच्या मनाने कमी करू नका, एक दिवसही नाही. मी मुलांच्या वॉर्डात काम करते. पिट्युटरीला धक्का बसलेल्या मुलाचं शरीर हे हार्मोन स्वतः बनवू शकत नाही, बाहेरूनच द्यावं लागतं. ते थांबलं तर साखर आणि बीपी एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. ताप आला की उलट डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन आणि सरळ हॉस्पिटल. डोस कधी, किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची एक प्रत दप्तरात ठेवा. वर्गशिक्षिकेलाही दाखवा.

डोस गरजेपेक्षा जास्त असेल तर वजन वाढू शकतं, हे खरं आहे. पण तो उंची-वजनावरून हिशेब करून डॉक्टरच बदलतात. त्यांना थेट विचारा, "याचा डोस त्याच्या अंगाला बरोबर आहे ना?"

नाशिकरोडचा बाबा

काका, तुमचा पुतण्या आणि हे मूल यांची तुलना होत नाही. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला सातव्या वर्षी हीच गाठ होती, म्हणून हक्काने बोलतोय.

अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं आणि हायपोथॅलॅमसला कळवतं की साठा आहे, आता पुरे. निरोप पोचतो, पण घेणारी जागाच गाठीने किंवा ऑपरेशनने दुखावलेली. मेंदूला वाटतं पोर उपाशी आहे. मग तो भूक वाढवतो, शरीराचा खर्च कमी करतो, इन्सुलिन जास्त सोडायला लावतो. म्हणून इतर मुलांएवढंच खाऊनही ही मुलं जाड होतात, आणि दिवसा पेंगतात ते आळसाने नाही. क्रॅनिओफॅरिंजिओमा झालेल्या साधारण निम्म्या मुलांना हे होतं, आणि सगळ्यात वेगाने वजन वाढतं ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात. त्या फेऱ्या मारायला लावणाऱ्या शिक्षकांना हे डॉक्टरांच्या पत्रानेच समजावा, तोंडी सांगून उपयोग नाही.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो. स्वयंपाकघराला कुलूप लावलं, पण मुलीला समोर बसवून, तिला विचारून. "तुझी चूक नाही, तुझ्या मेंदूला मदत म्हणून लावतोय." तिला सुटल्यासारखं झालं, कारण डबे दिसले की दिवसभर तिचं चित्त तिथेच असायचं. जेवणाच्या वेळा घड्याळाला बांधल्या, ताट आतूनच वाढून आणायचं, पातेलं टेबलावर नाही. घरात कुणीच फरसाण आणायचं नाही, आजोबांनीही. डेस्मोप्रेसिन चालू असलेल्यांना तहानेचाही घोळ असतो. आमची मुलगी तहान लागली की उसाचा रस मागायची आणि आम्ही देत होतो, त्यातून किती साखर जाते ते डाएटिशियनने दाखवलं. आता फक्त पाणी, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालायला नेतो. पळवत नाही.

एवढं करून वजन उतरलं नाही, ताई. वाढायचा वेग मंदावला, आणि आमच्या डॉक्टरांच्या मते तेच मोठं यश आहे.

दुसरं म्हणजे मुलाची मान बघा. मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखी जाड कातडी झालीय का?

इंदिरानगरची आई

दादा, आहे हो! सासूबाई मळ समजून डाळीच्या पिठाने घासतात, तो ओरडतो. आणि झोपेत घोरतो, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो. हे सांगायचंच राहिलं.

वॉर्डातली सिस्टर

घासणं आजच बंद करा. तो मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एसजीपीटी (लिव्हरची तपासणी), लिपिड (रक्तातली चरबी), बीपी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. या मुलांच्या लिव्हरवर चरबी फार लवकर चढते, आणि मधुमेह, हृदयविकार तरुणपणीच गाठू शकतात. घोरताना श्वास अडकतोय तर स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी) लागेल, ते लांबवू नका. खुबा किंवा गुडघा दुखून लंगडला तर लगेच एक्स-रे. वजनाने मांडीच्या हाडाचं टोक सरकू शकतं.

सातपूरचे काका

ताई, मला या आजाराची कल्पना नव्हती. शब्द मागे घेतो. पोराला आशीर्वाद.

इंदिरानगरची आई

काका, राग नाही. सगळ्यांना धन्यवाद. गोळीला हात लावणार नाही. यावर काही औषध आहे का, एवढं सांगाल का दादा?

नाशिकरोडचा बाबा

मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि भूक कमी करणारी जीएलपी-१ची इंजेक्शनं काही मुलांना देतात, कुणाला लागू पडतात, कुणाला नाही. सेटमेलॅनोटाइड नावाच्या औषधाची नेमक्या याच लठ्ठपणावरची मोठी चाचणी २०२५ मध्ये चांगली निघाली, त्यात ४ वर्षांपासूनची मुलं होती. आपल्याकडे कुणाला काय देता येईल ते मुलांचे एंडोक्रिनोलॉजिस्टच (हार्मोनचे डॉक्टर) ठरवतील. उंची थांबलीय म्हणता, तर ग्रोथ हार्मोनबद्दलही त्यांनाच विचारा. गाठ होती म्हणून ते घाई करणार नाहीत, पण विषय काढा.

आम्ही सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो. जाताना सगळे एमआरआय, आधीपासूनचा उंची-वजनाचा तक्ता आणि आठवडाभराची वही न्या: काय खाल्लं, किती पाणी प्यायला, लघवीला किती वेळा गेला, दिवसा किती झोपला. गाडीत सकाळच्या गोळीची वेळ चुकवू नका, आणि जादा गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, वर टाकलेल्या बॅगेत नको.