कालवडी खोड्यात जाईनात, लसीकरणाला नुसता गोंधळ (सिन्नर) – सल्ला हवाय

सिन्नरचा गोठा: राम राम मंडळी. सिन्नरजवळ गोठा आहे, एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाया. मोठ्या गाया गरीब आहेत पण लाळ्या खुरकुताची लस म्हटलं की कालवडी खोड्याच्या (जनावर अडकवून धरायच्या चौकटीच्या) तोंडाशी येऊन पाय रोवतात, मग गडी शेपूट पिरगाळतो, आरडाओरडा होतो अन त्या दिवशी गायांचं दूधपण कमी. मारझोड नकोय. काय करावं?

निफाडकर: दोन फटके दिले की जातात राव

घोटीकर: @निफाडकर जातात ना, पण पुढच्या वेळी खोडा बघूनच दावं तोडतात. गाईला चौफेर दिसतं, फक्त बरोब्बर मागचं दिसत नाही, त्यामुळं मागून ढकलणारा माणूस तिला आणखी भेडसावतो. बाजूला जरा अंतर ठेवून खांद्याच्या मागं उभं राहायचं, एक पाऊल जवळ गेलं की ती पुढं सरकते, सरकली की लगेच आपण मागं यायचं, हे मागं येणंच लोक विसरतात. खांद्याच्या पुढं गेलात तर उलटी फिरेल. आमच्या रानात चरणाऱ्या डांगी जातीच्या गाया लांबूनच बिचकतात, तुमच्या दावणीला बांधलेल्या माणसाला जवळ येऊ देतील, तेवढा अंदाज घ्या.

पशुवैद्य_दिंडोरी: आधी खोड्याच्या तोंडाशी खाली बसून त्यांच्या नजरेनं बघा. उन्हासावलीचे पट्टे, चकाकणारं पाणी, लोंबकळतं बारदान, लोखंडी फाटकाचा खणखणाट, एवढ्यानंसुद्धा जनावर अडतं. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन बाईंनी, म्हणजे जनावरांच्या वागण्याच्या अभ्यासक, याच गोष्टींवरून कत्तलखान्यांतल्यासुद्धा जनावरांच्या वाटा बदलायला लावल्या. दुधाचं म्हणाल तर घाबरलेल्या गाईच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन (भीतीचं संप्रेरक) वाढतं, पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं आणि ती पान्हा चोरते, म्हणून आधी धार काढा मग लस. थोडी घट लसीचीही असते, ती काही दिवसांत भरून येते.

सिन्नरचा गोठा: डॉक्टर, खोड्यासमोरच टाकीचं पाणी सांडून डबकं असतं!! हे डोक्यातच आलं नव्हतं

पशुवैद्य_दिंडोरी: मग त्यावर मुरूम टाका. आणि लस नसतानाही कालवडींना खोड्यातून नुसतं चालवा, पलीकडं घमेल्यात भरडा ठेवून. एखादी गरीब गाय पुढं घातली तर त्या मागोमाग येतात.

निफाडकर: भरडा कशाला, उसाचं वाढं दाखवा, आमची तर घरात शिरंल