प्रतिसाद: संथ? सगळ्याच नाहीत हो

'जपानी मालिका संथ असतात आणि रंगात आल्या की संपतात', हे वरचं मत अर्धंच पटलं. संपतात हे तर उत्तमच! आठवड्याला एक भाग, तीन महिन्यांत दहा-अकरा भाग, की खेळ खल्लास. पाणी घालायला वावच नाही.

संथपणाचं म्हणाल तर 'मिडनाइट डायनर'चा (२००९) पहिलाच भाग बघा. रात्री बाराला उघडणारी खानावळ. काळा गॉगल लावून बसलेला याकुझा (जपानी गुंडटोळीतला माणूस) मागवतो काय, तर ऑक्टोपससारखे कापलेले लालभडक सॉसेज! शेजारच्या गे बारमालकाकडे गोडसर ऑम्लेट. दोघं एकमेकांना आपापल्यातलं देऊ लागतात, मैत्री जमते. भाषणबाजी शून्य. (उपाशीपोटी बघू नका.)

आणि 'हानझावा नाओकी' (२०१३) कुठे संथ आहे? नायक बँकेतला कर्जविभागाचा माणूस, पण आवेश थेट तलवारबाजाचा. शेवटी बड्या संचालकाला सगळ्यांदेखत गुडघे टेकून माफी मागायला लावतो. त्या भागाला तोक्योच्या पट्ट्यात ४२.२ टक्के रेटिंग होतं. अभिनय जरा जास्तच भडक, डोळे वटारणं तर विचारू नका, पण मी एका बैठकीत चार भाग संपवले.