दलालीची पक्की पावती घ्या
‘दलाली रोख दिली की १८ टक्के जीएसटी वाचतो’ असं घराच्या दलालीबद्दल दोघा-तिघांनी लिहिलंय. घर विकणाऱ्याने तरी हे ऐकू नये. भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला करपात्र नफा, काढताना दिलेली दलाली विक्रीच्या रकमेतून वजा होते, पण त्याला पुरावा लागतो. २०१९ मध्ये आम्ही वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट ६५ लाखांना विकला. दोन टक्क्यांनी १ लाख ३० हजार पाकिटात घालून दिले. पुढे सीएने पावती मागितली, तर आमच्याकडे डायरीचं फाडलेलं पान, त्यावर नुसतं ‘मिळाले’ आणि सही. ना पॅन, ना फ्लॅट नंबर. त्यांनी ते धरलंच नाही. जीएसटीचे २३,४०० वाचले, पण पावती असती तर जीएसटीसह १,५३,४०० वजा झाले असते, त्यावर तेव्हाच्या २० टक्के दराने ३०,६८० कर जास्त गेला, सेस वेगळा. फार लागलं ते मनाला.

आता भांडवली नफ्यावरच्या साडेबारा टक्के दराने जीएसटी भरून पावती घेण्यात हा फायदा उरत नाही म्हणा, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या एजंटला जीएसटी लावावाच लागत नाही. त्याच्याकडून तर पावती घ्याच. घर घेणाऱ्यानेही आपल्या दलालीची पावती खरेदीखताबरोबर फाइलला लावावी, पुढे विकताना दलाली खरेदीच्या किमतीत धरता येते.