मदत हवी आहे: मॅरेथॉनसाठी पैसे जमले, आता सगळे पावती मागतेत

पळपुटा_भवानीपेठ: अर्जंट आहे. जानेवारीत मुंबईला पळणार आहे, थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आजार) मुलांसाठी पैसे गोळा करतोय, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, लोकांनी पटापट पाठवले आणि आता त्यातले निम्मे म्हणतात ८०जीची, म्हणजे देणगीवर टॅक्स सूट मिळायची, पावती दे. संस्थेत फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणतात पावती तुमच्या नावाने निघेल. असं कसं? चाटी गल्लीतले एक काका रोज सकाळी फोन करतेत. लवकर सांगा.

होटगीरोडवाला: फुल का हाफ? फुल असेल तर ३० किमीचा लाँग रन झाला का? आपल्याकडं सोलापुरात सगळं सपाट, तिकडं पेडर रोडचा चढ नेमका शेवटच्या टप्प्यात येतो, तोपर्यंत पाय संपलेले असतात. पहाटे कंबर तलावाला या, बोलू.

सातरस्ता_सीए: पैसे कुठं घेतले? संस्थेच्या खात्यावर का तुमच्या जीपेवर?

पळपुटा_भवानीपेठ: माझ्याच नंबरवर, अजून कुठं. लिंक दिली की कोण उघडत नाही.

सातरस्ता_सीए: मग मॅडमचं बरोबर आहे की ओ. ज्याच्या खात्यातून संस्थेला पैसे जातात, पावती त्याच्या नावाने. तुम्ही एकरकमी भरलेत तर देणगीदार तुम्ही. बिब, म्हणजे पळायचा नंबर, चॅरिटीचा (संस्थेमार्फत मिळालेला) आहे का साधा?

पळपुटा_भवानीपेठ: साधा, फी मीच भरली. त्याचा काय संबंध?

सातरस्ता_सीए: चॅरिटी बिब असता तर पैसे अधिकृत पेजवरच घ्यावे लागले असते, हा घोळ झालाच नसता.

बाळीवेसची_आक्का: मला एक कळत नाही, पळून काय होतं? त्या पोरांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. बाटलीभर रक्त द्या आणि घरी जा. उन्हाळ्यात तर रक्तपेढ्या कोरड्या पडतात, कॉलेजं बंद असतेत.

शेंगाचटणी: आक्का, रक्त पाहिजेच, पण नुसत्या रक्तानं भागत नाही. सारखं रक्त चढवून अंगात लोह साठतं, हृदयात आणि लिव्हरमध्ये, ते बाहेर काढायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि त्या स्वस्त नसतात. माझा पुतण्या आहे, आठ वर्षांचा. गोळी पाण्यात विरघळवून द्यायची असते, तो ग्लासच्या तळाशी राहिलेला पांढरा गाळ बोटानं दाखवतो आणि म्हणतो हे पण प्यायचं का. प्यावंच लागतं. पळा भाऊ तुम्ही.

बाळीवेसची_आक्का: बरं. पण लग्नाआधी एचबीए२ची, म्हणजे आपण थॅलेसेमियाचे कॅरिअर आहोत का ते कळायची, रक्ततपासणी करायला काय होतं लोकांना? पत्रिका बघायला वेळ असतो. दोघंही कॅरिअर (स्वतःला त्रास नाही, पण दोष पुढं जातो) असले तर दर गरोदरपणात मुलाला आजार व्हायचा चारात एक धोका.

होटगीरोडवाला: हुरड्याच्या पार्ट्या सुरू होतील, रेसच्या आठवड्यात हुरडा खाऊ नका. पोट गेलं की सगळं गेलं.

पळपुटा_भवानीपेठ: मालक, हुरडा राहू द्या. पावतीचं सांगा.

सातरस्ता_सीए: ज्यांना पावती पाहिजे त्यांचे पैसे ज्या खात्यातून आले तिथंच परत पाठवा आणि त्यांना संस्थेच्या खात्यात थेट भरायला सांगा, पॅन नंबर देऊन. आर्थिक वर्ष संपलं की संस्था त्यांना १०बीई, म्हणजे देणगीचं सर्टिफिकेट देते. बाकीच्यांचे तुम्ही भरा, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका.

पळपुटा_भवानीपेठ: एकदा परत केले की पुन्हा कोण देतंय?

विजापूरवेस_बे: जो पावतीसाठी देतोय तो देतंय बे. नाही दिले तर समज आधीच द्यायचे नव्हते.

सातरस्ता_सीए: आणि कॅश घेतली का कुणाकडून? २००० च्या वर कॅश असेल तर ८०जी मिळत नाही. नवी टॅक्स पद्धत घेतलेल्यांना तर तसंही मिळत नाही. आधी विचारा, निम्मे गळतील.

पळपुटा_भवानीपेठ: काकांनीच ५००० कॅश दिलेत, पाकिटात.

विजापूरवेस_बे: 😂😂

सातरस्ता_सीए: पाकीट परत करा, चेक घ्या, संस्थेच्या नावाने.

पळपुटा_भवानीपेठ: आत्ता दुकानात जाऊन आलो. काका नव्या पद्धतीत आहेत, ८०जीचा त्यांना काही उपयोग नाही. पण पावती पाहिजेच म्हणतात, गल्ल्याच्या मागं फ्रेम करून लावणार आहेत. त्यांनी चेक दिला. बाकीच्यांना आज रात्री मेसेज टाकतो.

होटगीरोडवाला: लाँग रनचं सांगितलं नाही तुम्ही अजून.

शेंगाचटणी: सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढलं का? गड्डा यात्रेचे दिवस आहेत, वेटिंग लागेल.